खंडेनवमीची बंदूक: भरून ठेवलेल्या तोड्याच्या बंदुकीचं एक प्रकरण

सकाळी साडेआठला फोटो आला. वर्तमानपत्राच्या पानावर काळे कण, राईपेक्षा बारीक, शेजारी एक दाभण. खाली मजकूर: "काका, बंदुकीच्या कानातून हे निघून रायलं. गंज असंल का?"

फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. गंज तांबूस असतो, चिमटीत चुरला की विटकरीची पूड होते. हे कण काळेभोर होते, त्यांना कडा होत्या, दोन-चार चमकतही होते. मी फोन लावला आणि नमस्कार-चमत्कार न करता विचारलं, त्या खोलीत काय काय पेटलेलं आहे?

"काही नाही काका. फक्त देवाचा दिवा."

नवरात्राचा नववा दिवस. फक्त देवाचा दिवा म्हणजे घटस्थापनेपासून तेवत असलेला अखंड नंदादीप. बंदूक त्याच्यापासून दीड हातावर, पाटावर आडवी.

हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण असं की अशा बंदुका नागपुरात आणि आसपासच्या गावांत अजून आहेत. भोसल्यांच्या पदरी कुणी होतं, कुणाकडे मालगुजारी होती, कुणाचे आजोबा शिकारीला जायचे. घरातली पोरं शहाणी असतात, इंटरनेटवर बघून वस्तू घासूनपुसून लखलखीत करतात. या घरात तेच झालं होतं.

घर नागपुरातल्या महाल भागातलं, बडकस चौकापासून चालत पाच मिनिटांवर. अर्धा वाडा पाडून इमारत झाली, उरलेल्या अर्ध्यात देवघर आणि मागचं परस टिकून आहे. घरात ऐंशी पार केलेल्या आजी, त्यांचे थोरले चिरंजीव (त्यांना सगळे काकाजीच म्हणतात, मीही), सूनबाई आणि नातू. नातू माझ्याकडे काही महिने एअर रायफल शिकायला येत होता, म्हणून फोटो माझ्याकडे आला.

मी फोनवर चार गोष्टी सांगितल्या. कणांचा कागद अलगद उचलून पाण्याच्या बादलीत बुडव. दाभण पुन्हा लावू नकोस. घरातल्या कुणीही नळीच्या तोंडासमोर जाऊ नये. आणि दिवा काढा.

चौथी गोष्ट होण्यासारखी नव्हती. मागून आजींचा आवाज स्पष्ट ऐकू आला, "दिवा नाही विझणार. मी अजून मेली नाही." त्यांचंही बरोबर होतं. दिवा हलत नाही तर बंदूक हलवायची. ती दोन्ही हातांनी आडवी धरून, तोंड भिंतीकडे ठेवून, कुठेही न टेकवता परसात न्यायची आणि बांधकामातून उरलेल्या रेतीच्या पोत्यांवर ठेवायची. तोंड विहिरीकडच्या जुन्या जाड भिंतीकडे. काकाजींनी स्वतः नेली. मी पोहोचलो तेव्हा ती पोत्यांवर होती आणि तिच्या दस्त्याला झेंडूची माळ तशीच होती.

आता बंदुकीबद्दल. ही तोडेदार बंदूक. केपाची, म्हणजे छोट्या स्फोटक टोपीवर घोडा आपटून पेटणारी नाही, चकमकीची नाही. नळी एकशे बारा सेंटीमीटर, लोखंडी, तोंडाशी किंचित फुगीर. दस्ता सरळ आणि सडपातळ, नळीला पितळी तारेच्या वेढ्यांनी बांधलेला. दस्त्याच्या खाचेत घोडा, म्हणजे सापाच्या मानेसारखी वळलेली लोखंडी पट्टी, टोकाला चिमटा. त्या चिमट्यात तोडा अडकवायचा. तोडा म्हणजे सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली सुती दोरी, ती ज्वाळा न होता धुमसत राहते. उजव्या बाजूला नळीच्या बुडाशी बारीक भोक, तो कान. कानाला लागून छोटी वाटी, तो प्याला, त्यात रंजक, म्हणजे पेट देण्यापुरती बंदुकीची दारू. चाप ओढला की घोडा पुढे झुकतो, धुमसतं टोक रंजकात बुडतं, रंजक भडकतो, जाळ कानातून आत जातो आणि बार उडतो. यंत्र म्हणावं तर एवढंच. स्प्रिंग असली तर असली, नसली तरी भागतं.

हे सगळं मी उगाच सांगत नाही. पुढची गोष्ट याच्यावरच बेतलेली आहे.

सूनबाईंना मी विचारलं, पूजा नेमकी कशी करता? त्यांनी सहज सांगितलं. हळद, कुंकू, अक्षता, फूल, मग दोन उदबत्त्या. उदबत्त्या ठेवायला बंदुकीवर "बरी जागा" आहे, त्या छोट्या वाटीत टेकतात.

म्हणजे प्याल्यात.

उदबत्ती आणि तोडा यांत बंदुकीच्या दृष्टीने फरक नाही. दोन्ही धुमसतात. काळी दारू पेटायला तीन-चारशे अंश पुरतात आणि उदबत्तीचं लाल टोक त्याहून बरंच जास्त तापलेलं असतं. चापाला हात न लावता, घोडा न हलवता, या घरात दर खंडेनवमीला बत्ती दिली जात होती. ते पूजा करत होते, पण बंदुकीला ते कळायचं कारण नव्हतं.

मग इतकी वर्षं बार का उडाला नाही? उत्तर नातवाच्या दाभणाला चिकटलेलं होतं. काळ्या कणांच्या आधी कानातून लाल-पिवळा खडा निघाला होता, तो त्याने कचऱ्यात टाकला होता. मी कचरा उपसून बघितला. कुंकू, हळद, तेल आणि काजळी यांचं दगडासारखं घट्ट बूच. पिढ्यान्‌पिढ्या बोटाने लावलेलं कुंकू कानात जाऊन बसलं आणि त्यानेच घर सांभाळलं. त्या दिवशी सकाळी ते बूच निघालं, आतली दारू टोचून भुसभुशीतही झाली आणि अर्ध्या तासाने उदबत्ती लागायची होती. पोराला काळे कण पाहून शंका आली नसती तर हा लेख वेगळा झाला असता.

आणि एक कबुली. दोन वर्षांपूर्वी याच घरी मी चहाला गेलो होतो. काकाजींनी कौतुकाने बंदूक दाखवली, मी मोबाइलचा टॉर्च लावून नळीत डोकावून पाहिलं होतं. शिकवताना पोरांना रोज सांगतो, प्रत्येक बंदूक भरलेलीच समजा. आणि स्वतः डोळा नळीच्या तोंडाला. टॉर्चने काही दिसलंही नव्हतं. एवढ्या लांब आणि अरुंद नळीत बुडाशी अंधारच असतो. मला मात्र वाटलं होतं, रिकामी आहे.

भरलेली आहे की नाही हे पाहायची रीत साधी आहे आणि तिच्यात डोळा लागत नाही. नळीच्या बेताची लाकडी काठी घ्यायची. लोखंडी सळई नको, ठिणगी नको. आपण बाजूला उभं राहून काठी हळूच आत सारायची, ठोकायची नाही, दाबायची नाही. जिथे थांबेल तिथे नळीच्या तोंडाशी पेन्सिलीने खूण करायची. मग काठी बाहेर काढून नळीच्या वरून ठेवायची, खूण तोंडाशी जुळवायची. रिकामी असेल तर काठीचं टोक कानापर्यंत किंवा थोडं पुढे जातं. आमची काठी (पडद्याच्या दांडीची होती, सूनबाईंनी दिली) कानाच्या अकरा सेंटीमीटर अलीकडे थांबली.

अकरा सेंटीमीटर. एका बाराला, म्हणजे दारू, चिंधी, गोळी आणि वरची चिंधी धरून, या नळीत पाच-सहा पुरेत. मी काकाजींकडे पाहिलं. "एकावर एक दोन बार दिसतात," मी म्हटलं.

"आबांच्या वडिलांची बंदूक आहे भाऊ. शंभर वर्षं झाली. दारू मेली असंल ना आता?"

हा समज सगळीकडे आहे आणि तोच घात करतो. काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक, वजनाने साधारण ७५, १५ आणि १०. तिघांपैकी एकही वयाने मरत नाही. दारूचा शत्रू एकच, पाणी. पावसाळ्यात ओल धरली तर ती दबते, पण सोरा वाहून गेला नसेल तर वाळल्यावर पुन्हा जागी होते. आणि वाळवण्याच्या बाबतीत नागपूरच्या मे महिन्याशी स्पर्धा कुणी करू नये. पंचेचाळीस अंशाचे उन्हाळे एकामागून एक, घट्ट ठासलेली नळी, वरून कुंकवाचं बूच. दारू जपून ठेवायला याहून चांगली बरणी नाही. २०१३ साली न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधली अठराव्या शतकातल्या ब्रिटिश जहाजावरची तोफ साफ करताना आत गोळा आणि दारू तशीच सापडली. लोखंड गंजतं म्हणून आपण धरून चालतो की आतलंही गंजलं असेल.

दोन बार कसे आले असतील? शिकारी बार भरतो, रंजक पेटतो पण आतला बार उडत नाही. यालाच आपण फुसका बार म्हणतो. गडबडीत तो पुन्हा भरतो, पहिल्यावर दुसरा. अमेरिकेच्या यादवी युद्धात १८६३ च्या गेटिसबर्गच्या लढाईनंतर मैदानावरून उचललेल्या सुमारे सत्तावीस हजार बंदुकांपैकी चोवीस हजारांच्या आसपास भरलेल्या निघाल्या आणि त्यांतल्या निम्म्यांत दोन बार होते, अशी नोंद आहे. त्या केपाच्या होत्या, हाताळणारे कवायत शिकलेले शिपाई होते. रात्री मचाणावर बसलेल्या एकट्या माणसाचं काय घेऊन बसलात.

पोलिसांना बोलवायचं म्हटल्यावर घरात शांतता झाली. काकाजी म्हणाले, "परवाना आबांच्या नावावर होता, मध्य प्रांत-वऱ्हाडच्या काळातला. नंतर कोणी नूतनीकरण केलं नाही. आता पोलीस आले तर आम्हालाच घेऊन जातील." नातू म्हणाला, आपणच पाणी ओतून गजाने काढू ना. एका शेजाऱ्याने तर गावी कुणीतरी आहे, तो "हवेत उडवून देईल", असं सुचवलं.

मी तिघांनाही नाही म्हटलं. हवेत उडवणं सगळ्यात वाईट. तारेच्या वेढ्यांनी बांधलेली, आतून खड्डे पडलेली नळी, त्यात दोन बार. ती पुढच्या बाजूने उडेल की उडवणाऱ्याच्या चेहऱ्याजवळ फुटेल हे कोण सांगणार? पाणी ओतलं तर वरच्या ठासलेल्या चिंधीखाली किती पोहोचलं हे कळत नाही, आणि ओली असेल या भरवशावर माणूस गज मारायला लागतो. मी ११२ वर फोन केला. काय आहे, कुठे ठेवलंय, तोंड कोणत्या दिशेला आहे आणि आसपास आग नाही, एवढं सांगितलं. ठाण्यातले दोघे आले, पाहून त्यांनी बॉम्बशोधक-नाशक पथकाला बोलावलं.

काकाजींची भीती अगदीच खोटी नव्हती. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात कलम ४५ खाली जुन्या धाटणीच्या, पुरावस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा नादुरुस्त हत्याराला सूट आहे, पण ते दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नसेल तरच. लोक पहिला अर्धा भाग वाचतात आणि "अँटिक आहे, परवाना लागत नाही" असं सांगत सुटतात. दोन बार ठासलेल्या बंदुकीबद्दल ती वापरता येत नाही असं कोण म्हणेल? त्यामुळे पंचनामा झाला, बंदूक जमा झाली, काकाजींचा जबाब झाला. आपणहून कळवलं होतं, आबांचा जुना परवाना सापडला होता, वारसाहक्काचा विषय होता. वकिलाने या तीन गोष्टी आधी मांडल्या आणि त्यांचाच उपयोग झाला. वारसाने आलेलं हत्यारही मोजणीतून सुटत नाही, २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच ठेवता येतात. काकाजींकडे दुसरं नव्हतं.

जाता जाता पथकातल्या एकाने देवघराच्या कोनाड्यातलं शिंग उचलून हलवलं. पितळी बुचाचं, सुरेख कोरलेलं, नातवाच्या लेखी शोभेची वस्तू. ते खळखळलं. त्यातही दारू होती. आम्ही सगळे चार तास बंदुकीकडे बघत बसलो होतो आणि पावशेराच्या आसपास दारू नंदादीपाच्या बरोबर वर होती. माझ्याही लक्षात आलं नाही, हे लिहून ठेवतो.

बार कसा काढला याची कृती मी देणार नाही, ती घरी करायची गोष्ट नाही. निघालं ते असं: चिंधी, शिशाची गोळी, चिंधी, घट्ट झालेली दारू, पुन्हा चिंधी, दुसरी गोळी, खाली कोरडी दारू. तळातल्या दारूची चिमूट त्यांनी उघड्यावर लांबून पेटवून दाखवली. भस्सकन पांढरा धूर झाला आणि गंधकाचा, दिवाळीतल्या अनारासारखा वास. काकाजी काहीच बोलले नाहीत. त्यांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, परत घातला.

आठवड्याने नातू माझ्याकडे आला, वेगळाच प्रश्न घेऊन. उमरेडकडे त्यांची शेती आहे, रानडुकरांनी हैराण केलंय. "काका, बंदूक परत मिळाली, परवाना झाला, तर एकदा तरी...?"

डुकराचं आधी. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे. रानडुक्कर पिकात आलं तरी परवानगी वनखात्याची, त्यांच्या अटींवर. आणि नुकसानीचा पंचनामा करून भरपाई मागण्याचा रस्ता खुला आहे. खरं तर ही बंदूक त्या कामाचीही नाही. तोड्याचा लाल डोळा अंधारात जनावराला दिसतो, वास वाऱ्यावर जातो, आणि चाप ओढल्यापासून बार उडेपर्यंत जो क्षण जातो त्यात जनावर सरकतं. जखमी डुक्कर उसात शिरलं की पुढचं सांगायला नको. आपल्याकडे भरमार, म्हणजे ठासणीची बंदूक घेऊन रात्री जंगलात जाणाऱ्यांच्या बातम्या येतात त्यात बहुतेक वेळा पोलीस किंवा वनखातं असतं, कधी कधी सोबतचाच माणूस असतो.

पण "एकदा तरी" मधली ओढ मला कळते. जगात तोड्याच्या बंदुकीने नेमबाजी होते, रीतसर. ठासणीच्या बंदुकांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत तानेगाशिमा नावाचा प्रकार आहे, तोड्याच्या बंदुकीने उभं राहून पन्नास मीटरवर. जपानच्या ज्या बेटावर १५४३ साली पोर्तुगीजांबरोबर ही बंदूक पोहोचली त्याचंच ते नाव. तिथे वापरतात ती तपासलेली, दाब सोसणारी नळी, वाड्यातली नव्हे.

त्यांची रीत मी त्याला अंगणात काठी हातात देऊन दाखवली. सगळी रीत एका गोष्टीभोवती फिरते: दारू आणि विस्तव शेवटच्या क्षणापर्यंत भेटता कामा नयेत. भरताना तोडा बंदुकीवर नसतोच. तो लांब, ठरल्या जागी, किंवा जुन्या कवायतीत डाव्या हाताच्या बोटांत. सतराव्या शतकात युरोपात शिपायाला बंदूक हाताळायच्या चाळीसहून अधिक पायऱ्या शिकवत, त्यांतल्या कितीतरी निव्वळ तोडा काढणं, फुंकणं, लावणं याच्या. दारू शिंगातून थेट नळीत कधी ओतत नाहीत. मागच्या बाराची ठिणगी आत राहिली असेल तर अख्खं शिंग हातात पेटतं. एका बाराची दारू आधीच मोजून छोट्या नळकांड्यात भरलेली असते. दारू काळीच. आजच्या काडतुसातली धूर न करणारी दारू घातली तर नळी तो दाब सोसणार नाही. ठासताना चेहरा आणि छाती तोंडावरून बाजूला, गज मुठीत न आवळता बोटांत. गोळी दारूला टेकलीच पाहिजे, मध्ये पोकळी राहिली तर नळी फुटू शकते. म्हणून गजावर खूण असते, रिकाम्या नळीची एक आणि भरलेलीची एक. ती खूण या घरच्या मालकाने केली असती तर दुसरा बार भरलाच गेला नसता.

रंजक सगळ्यात शेवटी, प्याल्याचं झाकण बंद, सांडलेले कण फुंकून. मग तोडा. मग झाकण उघडायचं, मग चाप. बार उडाला नाही तर पोराला वाटतं, खाली घेऊन बघावं. तसं नाही. नळी लक्ष्याकडेच धरून निदान एक मिनिट मोजायचं, कारण कानात धुमसत असलेला जाळ सवडीने आत जातो. नंतर तोडा काढून दूर. उजवीकडे उभ्या माणसाच्या अंगावर कानाची आग उडते, म्हणून तिथे कुणी उभं राहत नाही. डोळ्याला चष्मा, अंगात सुती कपडे.

नातू ऐकत होता. मग म्हणाला, "म्हणजे आई जी उदबत्ती लावायची..."

"हो."

या खंडेनवमीला मी मुद्दाम गेलो. बंदूक अजून जमा आहे, काकाजींचा परवान्याचा अर्ज पुढच्या टेबलावर सरकलाय म्हणतात. संग्रहालयाला द्यावी का हाही विचार चालू आहे. अजब बंगल्यात, म्हणजे नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, शस्त्रांचं दालन आहेच. शिंग रिकामं होऊन परत आलं, ते आता दिवाणखान्यात आहे. देवघरात पाट मात्र नेहमीच्या जागी मांडलेला होता आणि त्याच्यावर पडद्याच्या दांडीची काठी ठेवलेली, पेन्सिलीच्या खुणेसकट. आजींनी काठीला कुंकू लावलं, झेंडू वाहिला आणि उदबत्त्या पाटाखाली, जमिनीवरच्या पितळी घरात खोचल्या.

"लांबीला तेवढीच आहे," त्या म्हणाल्या.